डोळ्यात थेंब घालण्याआधी पापणी बघा

घरातला कुत्रा सकाळी एक डोळा बारीक करून बसलेला असतो. कोपऱ्यातून पाणी ओघळून गालावरचे केस ओले झालेले, थोडे चिपड साचलेले. ‘काहीतरी गेलं असेल’ असे म्हणून कुणीतरी ओल्या कापसाने डोळा पुसते. दुसऱ्या दिवशीही तेच. मग आजोबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली, फ्रिजच्या दारात ठेवलेली थेंबांची बाटली बाहेर निघते. दोन दिवस बरे वाटते. आठवड्याने डोळा पुन्हा पाणावतो, पंधरवड्याने बुबुळावर निळसर-पांढरा डाग दिसू लागतो आणि मग मंडळी पशुवैद्याकडे धावतात. तिथे कळते, की डोळ्यात काही गेलेलेच नव्हते. खालची पापणी आतल्या बाजूला वळलेली होती आणि तिच्यावरचे केस प्रत्येक उघडझापीबरोबर बुबुळाला घासत होते. दिवसातून हजारो वेळा.

शहरांतल्या पशुवैद्यांना हा प्रसंग नवा नाही. डोळ्यातून पाणी आले, की बहुतेकांना ‘डोळे आले’ एवढेच सुचते. माणसांच्या साथीत चार-सहा दिवस थेंब घातले, की भागते. तोच अनुभव कुत्र्याला लावला जातो आणि तिथे गफलत होते. कुत्र्यांच्या डोळ्यांच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ डोळ्यात नसते, डोळ्यावरच्या झाकणात असते. झाकणाची घडण चुकलेली असेल तर औषध कितीही भारी असो, ते घडण बदलू शकत नाही. चौकट वाकडी असताना बिजागरीला तेल घालत बसावे, तसा हा प्रकार आहे. या तेल घालण्यात जे आठवडे जातात, त्यातच अनेक कुत्र्यांचा डोळा कायमचा अधू होतो.

मराठीत पापणी म्हणजे झाकणही आणि त्यावरचे केसही. इथे विषय झाकणाचा आहे. पिल्लू जन्मते तेव्हा ही झाकणे मिटलेली असतात आणि साधारण दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. कुत्र्याच्या वरच्या पापणीला केसांची रांग असते, खालच्या पापणीला मात्र अशी रांग नसते. म्हणजे खालच्या कडेवरून बुबुळाकडे झुकलेला केस दिसला, तर तो एकतर नको त्या ठिकाणी उगवलेला असतो किंवा गालावरची केसाळ कातडी आत वळलेली असते. शिवाय कुत्र्याला तिसरी पापणीही असते. नाकाकडच्या कोपऱ्यात दुमडून बसलेला हा पातळ पडदा गाढ झोपेत किंवा डोळा आत ओढला गेला की वर सरकतो. त्याच्या मुळाशी एक छोटी ग्रंथी असते आणि डोळा ओला ठेवणाऱ्या अश्रूंपैकी सुमारे एक-तृतीयांश ते निम्मे पाणी तीच पुरवते. या ग्रंथीबद्दल पुढे बोलावे लागणार आहे, कारण अज्ञानाने सर्वांत जास्त नुकसान तिचे झाले आहे.

पापणी आत वळण्याला एन्ट्रोपियन म्हणतात. शार पेई, चाऊ चाऊ, बुलडॉग, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड, पग यांत ते जास्त दिसते, लॅब्राडॉरमध्येही आढळते. ओळखायला फार कठीण नाही, पण बघावे लागते. उजेडात कुत्र्याला समोर बसवून नीट पाहिले, तर निरोगी डोळ्यात पापणीची काळसर, बिनकेसांची कड बुबुळाच्या कडेने ओळीत दिसते. एन्ट्रोपियनमध्ये ती काही भागात दिसेनाशी होते. कड आत गेलेली असते आणि केस थेट डोळ्याला टेकलेले असतात. तो भाग सतत ओला, तांबूस, कधी चिकट असतो. कुत्रा उजेडात डोळा मिटतो, पंजाने तोंड पुसतो, सोफ्याला गाल घासतो. काही कुत्रे यातले काहीच करत नाहीत. ते नुसते शांत होतात, आणि घरचे म्हणतात, आमचा फार गुणी आहे.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, शरीरातल्या सर्वांत संवेदनशील भागांपैकी एक. डोळ्यात धुळीचा कण गेला तर माणूस काम सोडून आरशासमोर उभा राहतो. इथे केसांचा झुपका महिनोन् महिने घासत असतो. त्यातून एक दुष्टचक्र सुरू होते. दुखते म्हणून कुत्रा डोळा घट्ट मिटतो, डोळा आत ओढला जातो, त्याने पापणी आणखी आत वळते आणि आणखी दुखते. म्हणून पशुवैद्य आधी डोळा बधिर करणारा थेंब टाकून पाहतात. दुखणे थांबल्यावर पापणी सैलावून जागेवर आली, तर वळण दुखण्यामुळे आलेले असते आणि दुखण्याचे मूळ शोधावे लागते. ती तशीच आत राहिली, तर दोष घडणीचा. दोन्ही थोडे थोडेही असू शकते. ही दोन मिनिटांची तपासणी करून किती वळण दुरुस्त करायचे, याचे माप भूल देण्याआधी, कुत्रा जागा असतानाच घेतात. भुलेत स्नायू सैल पडतात आणि माप चुकते. घाईगर्दीच्या दवाखान्यात ही पायरी गाळली जाताना दिसली, तर मालकाने विचारायला हरकत नाही. विचारणे हा अपमान नव्हे.

दोष घडणीचा असेल तर उपाय शस्त्रक्रिया हाच. पापणीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर अंतरावर कातडीची चंद्रकोरीसारखी पट्टी काढतात आणि बारीक टाके घालतात. कातडी बाहेर ओढली जाते आणि कड जागेवर येते. होट्झ-सेल्सस या नावाने ही पद्धत ओळखली जाते. ऐकायला साधी वाटली तरी इथे हात आखडता ठेवणारा सर्जन चांगला. थोडे कमी कापले गेले तर पुन्हा थोडे कापता येते. जास्त कापले, तर पापणी बाहेर लोंबते, डोळा नीट मिटत नाही आणि गेलेली कातडी परत आणता येत नाही. त्याच कारणाने वाढत्या वयात घाई करायची नसते. पिल्लाचा चेहरा वर्षभर बदलत असतो, मोठ्या जातींत दीड-दोन वर्षेही. शार पेईच्या इवल्या पिल्लांच्या पापण्या तेवढ्या काळासाठी तात्पुरते टाके घालून बाहेर ओढून ठेवतात. तीन-चार आठवड्यांच्या पिल्लातही हे करता येते, आणि काहींना पुढे मोठ्या शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही. ‘मोठा झाला की आपोआप सुटेल’ हा सल्ला मात्र घातक आहे. थांबायचे ते अंतिम शस्त्रक्रियेसाठी. घासणे आजच थांबवायचे असते.

आता त्या फ्रिजमधल्या बाटलीकडे वळू. माणसांच्या शस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या थेंबांत अनेकदा प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइडही असते. स्टेरॉइड लाली आणि सूज झटकन उतरवते, म्हणून दोन दिवस बरे वाटते. पण कॉर्नियावर जखम असताना तेच औषध जखम भरू देत नाही, जंतूंना मोकळे रान देते आणि कॉर्निया विरघळवणाऱ्या विकरांचे काम सोपे करते. उथळ ओरखडा खोल होत जातो, आणि शेवटी डोळ्याला भोक पडू शकते. म्हणूनच जाणता पशुवैद्य स्टेरॉइड लिहिण्याआधी डोळ्यात फ्लुरोसीन नावाचा नारिंगी रंग टाकतो. जखम असेल तिथे तो चिकटतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. ही तपासणी स्वस्त आहे, पटकन होते आणि तिच्याशिवाय दिलेले स्टेरॉइड म्हणजे जुगार आहे. औषधाच्या दुकानात ‘कुत्र्याच्या डोळ्याला काहीतरी द्या’ म्हटल्यावर काउंटरवरून जे मिळते, तेही बहुधा याच जातीचे असते. दुकानदाराने ते देऊ नये हे खरे, पण मागणाराही तेवढाच जबाबदार आहे. शिवाय उघडलेली बाटली साधारण महिनाभरानंतर टाकून द्यायची असते. फ्रिजमधल्या त्या बाटलीवर अनेकदा मागच्या दिवाळीची धूळ असते.

दुसरी मोठी गल्लत चेरी आयची. वर्ष-दोन वर्षांच्या आतल्या कुत्र्याच्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एके सकाळी लालबुंद, वाटाण्याएवढा गोळा दिसतो. कॉकर स्पॅनिएल, बीगल, बुलडॉग, शिह त्झू, ल्हासा आप्सो या जातींत विशेष. घरचे घाबरतात. गाठ वाटते, कुणाला कर्करोग वाटतो. प्रत्यक्षात ती तिसऱ्या पापणीची अश्रुग्रंथी असते, धरून ठेवणारे धागे ढिले पडल्याने जागेवरून निसटून बाहेर आलेली. एका डोळ्याला झाले, की काही महिन्यांत दुसऱ्याला होण्याची शक्यता बरीच असते.

एकेकाळी हा गोळा सरळ कापून टाकत. दहा मिनिटांचे काम, डोळा दिसायला स्वच्छ, मालक खूश. त्याची किंमत नंतर कळली. ग्रंथी गेली, की डोळ्याचे पाणी आटते. हे लगेच होत नाही. कधी दोन, कधी पाच वर्षांनी डोळा कोरडा पडतो, चिकट पिवळट चिपड येऊ लागते, बुबुळ काळपट होते आणि मग सायक्लोस्पोरिनसारखे औषध जन्मभर, रोज घालावे लागते. इतक्या वर्षांनी त्या दहा मिनिटांची आठवण कुणालाच नसते. आज योग्य उपचार म्हणजे ग्रंथी तिथल्याच अस्तराच्या खिशात परत बसवून शिवणे. ती कधी कधी पुन्हा निसटते, मोठ्या जातींत जास्त, आणि पुन्हा शिवावी लागते. तरीही शिवणेच योग्य. आजही काही ठिकाणी ‘कापून टाकू, स्वस्तात होईल’ असे सुचवले जाते. हा स्वस्त पर्याय नाही, उधारीचा आहे, आणि ती उधारी कुत्रा फेडतो. असे सुचवले गेले, तर दुसऱ्या पशुवैद्याचे मत जरूर घ्यावे. ज्यांच्या कुत्र्याची ग्रंथी आधीच काढलेली आहे, त्यांनी वर्षातून निदान एकदा अश्रूंची तपासणी करून घ्यावी. कागदाची बारीक पट्टी एक मिनिट पापणीत धरतात. ती पंधरा मिलिमीटर किंवा जास्त ओली झाली, तर ठीक.

याच्या उलट दोष म्हणजे एक्ट्रोपियन, खालची पापणी बाहेर लोंबणे. बॅसेट हाउंड किंवा सेंट बर्नार्डचा तो ‘बिच्चारा’ चेहरा याच दोषाने येतो. पापणीच्या आतले गुलाबी अस्तर उघडे पडते, त्यात धूळ साचते, डोळा वारंवार लाल होतो. सौम्य असेल तर सलाइनने धुणे आणि लक्ष ठेवणे पुरते, सगळ्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. मुंबईच्या दमट उन्हात हिमपर्वतातला सेंट बर्नार्ड पाळणे हा वेगळाच विषय, त्याला पापणीखेरीज इतरही दुःखे आहेत.

काही कुत्र्यांत पापणीच्या कडेवरच्या तैलग्रंथींच्या तोंडातून जादा केस उगवतात. मऊ असले तर कुत्र्याला पत्ताही लागत नाही आणि मालकालाही लागायची गरज नसते. पण एखादा केस पापणीच्या आतल्या अस्तरातून थेट बुबुळाकडे उगवला, तर तो सुईसारखा टोचतो. तरुण कुत्र्याच्या बुबुळाच्या वरच्या भागात पुन्हा पुन्हा जखम होत असेल आणि कारण सापडत नसेल, तर वरची पापणी उलटून भिंगाखाली पाहायला हवी. एक केस काढला, की महिन्यांचा त्रास संपतो.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या पापणीच्या कडेला चामखिळीसारखी गाठ येते. बहुतेक वेळा ती तैलग्रंथीची निरुपद्रवी गाठ असते, पण ‘निरुपद्रवी’ हा शब्द इथे फसवा आहे. गाठ कर्करोगाची नसली तरी वाढली, की बुबुळाला घासतेच. पापणीच्या लांबीच्या चौथाई-तिसऱ्या हिश्शापर्यंत ती असेल, तर पाचरीसारखा तुकडा काढून पापणी सहज शिवता येते. त्यापुढे कातडी फिरवून आणावी लागते. ‘वय झालंय, आता कशाला भूल’ असे म्हणत दोन वर्षे थांबले, की अकराव्या वर्षीची छोटी शस्त्रक्रिया तेराव्या वर्षी मोठी होऊन बसते, भूलही लांबते. रक्त आणि हृदय तपासून आधीच करून टाकलेले बरे.

कधी कधी ती गाठ नसतेच, गोचीड असते. आपल्याकडे पावसाळ्यात पापणीच्या कडेला चिकटलेली करडी, टम्म गोचीड चामखीळ समजून सोडून दिली जाते, आणि उलट, खरी चामखीळ गोचीड समजून चिमट्याने ओढण्याचे पराक्रमही होतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठे करून पाहावे, गोचिडीला पाय असतात. डोळ्याजवळ रॉकेल, डेटॉल, पेटती काडी यातले काहीही नेऊ नये. गोचिडीबरोबर ताप आणणारे जंतूही येतात. कुत्रा मलूल असेल तर रक्ततपासणी करून घ्यावी.

पापणीची कातडी सुजणे, केस गळणे, खपल्या धरणे ही वेगळी जातकुळी. त्यामागे खरूज, बुरशी, ॲलर्जी, जंतू यातले काहीही असू शकते आणि दिसायला सगळे सारखेच. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय मलम लावणे म्हणजे अंधारात दगड मारणे. पिल्लाच्या दोन्ही डोळ्यांतून घट्ट पिवळे चिपड, नाक वाहणे, ताप आणि खाणे बंद असे एकत्र दिसले, तर तो पापणीचा विषय उरत नाही. डिस्टेंपरची शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दहा दिवसांच्या आतल्या पिल्लाच्या मिटलेल्या पापण्यांआड सूज दिसली, तर आत पू साचलेला असू शकतो. पापण्या आपोआप उघडायची वाट पाहण्यात डोळा जातो. जाग्या कुत्र्याची तिसरी पापणी दिवसभर वर दिसत राहिली तर वेदना, अशक्तपणा किंवा मज्जातंतूचा बिघाड शोधावा लागतो.

हे सारे ओळखायला यंत्र लागत नाही. आठवड्यातून एकदा, खिडकीच्या उजेडात, दोन्ही डोळे एकमेकांशी ताडून पाहायचे. उघडझाप सारखी आहे का, पापणीची कड सलग दिसते का, बुबुळ दोन्हीकडे सारखे लकाकते का? शंका आली तर फोटो काढून ठेवायचा. पशुवैद्याला आठ दिवसांपूर्वीचा फोटो शंभर शब्दांपेक्षा उपयोगी पडतो. कुत्रा डोळा उघडतच नसेल, बुबुळ निळसर किंवा खड्डा पडल्यासारखे दिसत असेल, मारामारीत पापणी फाटली असेल, तर उद्यावर ढकलायचे नाही. फाटलेली पापणी लवकर शिवली तर सुरेख जुळते, कारण तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो. लोंबणारा तुकडा कात्रीने कापणे हा घरगुती उपाय मात्र जन्माची खोड लावतो. खर्च हा खरा अडसर आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत शस्त्रक्रिया विभाग आहेत, आणि डोळा काढण्याची वेळ येण्यापेक्षा तिथला हेलपाटा परवडतो.

इतके झाल्यावर मुळाशी जावेच लागते. हे दोष येतात कुठून? गल्लीतल्या गावठी कुत्र्याकडे पाहावे. लांब मुस्कट, बदामी डोळा, बुबुळावर घट्ट बसलेली पापणी. त्याच्यात जन्मजात वळलेली पापणी क्वचितच आढळते, कारण आंधळा होणारा कुत्रा रस्त्यावर टिकत नाही. त्याला खरूज होते, मारामारीत पापणी फाटते, गाडीखाली येतो. गावठी कुत्र्याचे आयुष्य सुखाचे असते असा दावा कुणी करू नये. पण त्याची पापणी शाबूत असते. कारवानी कुत्र्याचीही असते.

सुरकुत्यांचा शार पेई तसा का दिसतो, हे आता नेमके कळले आहे. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याच्या एचएएस२ या जनुकाजवळच्या डीएनएची पुनरावृत्ती झालेली असते. त्याने त्वचेत हायल्युरोनिक आम्ल जास्त साठते, कातडी फुगून घड्या पडतात, आणि तोच बदल या जातीतल्या वारंवार येणाऱ्या तापाशीही जोडलेला आहे. चीनमधला जुना शार पेई इतका सुरकुतलेला नव्हता. जास्त घड्या गोड दिसतात म्हणून माणसाने निवडून निवडून त्या वाढवल्या, आणि त्यांच्या ओझ्याने पापण्या आत वळल्या.

पगची गोष्ट आपल्या घरातली आहे. २००३मध्ये ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे धावणारा पग आला आणि शहराशहरांत त्याला मागणी आली. आखूड मुस्कटामुळे त्याच्या खोबणी उथळ, डोळे बाहेर आलेले, पापण्यांमधली फट मोठी. कित्येक पग झोपेतही डोळे पूर्ण मिटू शकत नाहीत. नाकाकडच्या कोपऱ्यात खालची पापणी आत वळते, नाकावरच्या घडीचे केस बुबुळाला लागतात. सततच्या घासण्याला उत्तर म्हणून बुबुळावर तपकिरी रंग चढत जातो. मालकांना वाटते, पगचे डोळे काळेभोरच असतात. तो रंग बुबुळाच्या मध्यापर्यंत पोहोचला, की कुत्र्याला दिसेनासे होते. गळ्याला पट्टा बांधून झटका दिला किंवा मानगुटीला धरून उचलले, तर असा डोळा खोबणीबाहेरही येऊ शकतो. पगला छातीचा हार्नेसच बांधावा.

यावर पैदास करणाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे: लोकांना असेच चेहरे हवे असतात. ते खोटे नाही. पण शस्त्रक्रियेनेच इथे एक पळवाट तयार केली आहे, तिच्याबद्दल पशुवैद्यही फारसे बोलत नाहीत. पापणी दुरुस्त केलेला देखणा नर पुढे पैदाशीला वापरला, तर चेहरा दुरुस्त असतो, जनुके नसतात. एन्ट्रोपियन एका जनुकाने ठरत नाही, त्यामुळे रक्ततपासणी करून तो पकडताही येत नाही. पिल्ले विकत घेणाऱ्याला बाप देखणा दिसतो, त्याच्या पापणीवरचा बारीक व्रण दिसत नाही. म्हणून पापणीच्या घडणीची शस्त्रक्रिया आणि नसबंदी ही एकाच वाक्यात बोलायची गोष्ट व्हायला हवी. पशुवैद्याने ती सुचवावी, मालकाने मान्य करावी. यात कुणाचा धंदा बुडत असेल तर बुडू द्यावा.

कायदा अगदीच नाही असे नाही. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, अठरा महिन्यांखालील मादीची पैदास करता येत नाही आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. समाजमाध्यमांवरच्या जाहिराती चाळल्या, तर या नियमांचे काय होते ते कळते. २०२४च्या मार्चमध्ये केंद्राने २३ ‘हिंस्र’ जातींवर बंदीचे परिपत्रक काढले, देशभर वाद झाला, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. कुत्र्याच्या दातांवर एवढी चर्चा होते, त्याच्या पापण्यांवर होत नाही. नेदरलँड्समध्ये २०१९पासून मुस्कट डोक्याच्या एक-तृतीयांशापेक्षाही आखूड असलेल्या कुत्र्यांच्या पैदाशीला मनाई आहे. आपल्याकडे अशा मोजमापाची चर्चाही सुरू झालेली नाही. ती सुरू होईपर्यंत अंमलबजावणी करू शकणारा एकच माणूस उरतो, पिल्लू घ्यायला निघालेला.

जातिवंत पिल्लूच हवे असेल, तर त्याने निदान एक गोष्ट करावी. पिल्लू हातात घेण्याआधी त्याची आई बघायला मागावी, तिला उजेडात आणायला सांगावे आणि तिच्या पापण्यांची कड नीट पाहावी. बापाचा फोटो नको, शक्य तर बापही. पिल्लू आणि आई एकत्र दाखवायला विक्रेता तयार नसेल, ‘आई गावाला आहे, पिल्लू स्टेशनवर आणून देतो’ असे सांगत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा आणि पैसे खिशात ठेवून घरी यावे. वाटेत गल्लीच्या तोंडाशी चार पिल्ले घेऊन एखादी गावठी कुत्री बसलेली असेलच. तिला मात्र लपवायला कुणी नसते. पापण्यांसकट सगळे डोळ्यांसमोर असते.